टिकलीएवढा उजेड

आषाढी एकादशी झाली की दुसऱ्या दिवशी मी लक्ष्मीला भिंतीवरून उतरवते. स्टुलावर चढायचं, एका हाताने चौकट खालून पेलायची, दुसऱ्या हाताने दोरी खिळ्यातून सोडवायची. स्टुलाचा एक पाय आखूड आहे. डुगडुगलं तर आपण पडायचं, तिला पडू द्यायचं नाही, एवढं मनाशी ठरलेलं असतं. आई खुर्चीत बसून हा सोहळा बघते. तिचा या प्रकाराला पहिल्या वर्षापासून विरोध.

"देव झोपले म्हणून कोणी त्यायले पेटीत घालते काय?"

"चातुर्मास आहे आई."

"झोपतो तो विष्णू. लक्ष्मी पाय चेपत जागी असते."

यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी चौकट जुन्या चादरीवर पालथी ठेवते, पाठ कोरड्या फडक्याने पुसते, आजीच्या धुतलेल्या सुती लुगड्यात गुंडाळते आणि तिच्याच लोखंडी पेटीत उभी करते. पेटी विटांवर आहे, कारण जमीन ओल धरते आणि उधई येते ती जमिनीतूनच. आत सिलिका जेलच्या दोन पुरचुंड्या. दाणे निळे आहेत तोवर आतली हवा कोरडी. गुलाबी व्हायला लागले की समजायचं, यांचं पाणी पिऊन झालं. मग ते एका जुन्या कढईत तापवून पुन्हा निळे करायचे. ती कढई मी मागच्या सपरीत वेगळी ठेवली आहे, तिच्यावर खडूने फुली मारली आहे, तरी आईचा डोळा तिच्यावरच. तिच्या मते चांगली बिडाची कढई मी बाटवली.

हा मुहूर्त मी पंचांगात शोधला नाही, तो पावसाने काढून दिला. ब्रह्मपुरीचं नाव वर्तमानपत्रात दोनच गोष्टींसाठी येतं, एक पारा आणि दुसरा वाघ. मे महिन्यात विदर्भाच्या तापमानाची यादी छापून येते तेव्हा आम्ही बहुधा वरच्या ओळींत असतो, ४६, कधी ४७. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. आणि जून संपता संपता तीच हवा अशी पलटी खाते की विचारू नका. बांध्या भरतात, पऱ्हे उपटून रोवणी सुरू होते, आणि घरात मीठ पाझरतं, पापड वातड होतो, मागचं दार फुगून अडकतं, काडेपेटीची काडी घासता घासता तिचं डोकंच निघून येतं. कागदाचंही हेच होतं, फक्त तो कुरकुरत नाही. कागद म्हणजे शेवटी वाळवलेला लगदा. हवेत पाणी आलं की त्याला पूर्वजन्म आठवतो. आमच्या जंगलातला बांबू बल्लारपूरच्या कारखान्यात जाऊन कागद होतो, तेव्हा तो पूर्वजन्म आमच्या ओळखीचाच म्हणायचा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर दिवसचे दिवस राहिली की कागदावर बुरशी धरायला लागते. श्रावणात आमच्याकडे ती त्याच्या खाली कधी येते याची वाट बघावी लागते.

ही लक्ष्मी आजीबरोबर आली. आजीचं माहेर आरमोरी, म्हणजे नदीपलीकडे. लग्न उन्हाळ्यातलं. वैनगंगेचं पात्र नुसत्या वाळूचं झालेलं, त्यातून वऱ्हाडाच्या बैलगाड्या उतरल्या, आणि शेवटच्या गाडीत तांदळाच्या दोन पोत्यांच्या मधे ही चौकट उभी करून आणली. मधेच चाक रुतलं. गाडी हलकी करायला माणसं उतरली, पोती उतरली, भांडी उतरली. चौकट तेवढी गाडीतच राहिली. गोष्ट इथवर आली की आजी थांबायची आणि आमच्याकडे बघायची, म्हणजे आम्ही विचारावं. "लक्षुमीले अर्ध्या वाटेत उतरवते का जी कोनी?"

म्हणून तर मी तिला खाली घेते तेव्हा आईला इतकं लागतं.

चित्र राजा रविवर्म्याचं. म्हणजे मूळ चित्र त्याचं, आमच्याकडे आहे तो छाप. कमळावर उभी, चार हात, मागे सोंडेत हार धरलेला हत्ती, आणि खालच्या पांढऱ्या पट्टीत मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापखान्याचं नाव आणि कार्ला-लोणावळा. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत हा छापखाना काढला. यंत्रं आणि कारागीर जर्मनीहून आणले. पाचेक वर्षांत तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, पुढे श्लायखर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला, आणि १९७२ साली लागलेल्या आगीत त्याचा शेवट झाला. सिनेमाचं वेड लागण्याआधी दादासाहेब फाळके याच छापखान्याचं काम करत होते. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट मात्र दगडांची आहे. बव्हेरियातल्या गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट शाईने चित्र काढायचं, शिळा पाण्याने ओली करायची, मग वरून छापायच्या शाईचा रूळ फिरवायचा. तेल तेलाला धरतं, ओला दगड शाई नाकारतो. एका रंगाला एक शिळा. गालावरची लाली एका दगडावरून आली, गालाखालची सावली दुसऱ्या, साडीचा काठ तिसऱ्या. एकेका चित्राला दहा-बारा किंवा त्याहून जास्त शिळा लागत. प्रत्येक वेळी कागद केसभरही न हलता त्याच जागी बसायला हवा. शेवटी वरून रोगण, म्हणजे छापाला तैलरंगाची झळाळी यावी. जुन्या मराठीत याला शिळाछाप म्हणत. आजीची पोथीही शिळाछापच होती, त्यामुळे तिच्या लेखी पोथी आणि लक्ष्मी एकाच गावच्या.

आमच्या घरात चित्रं लावायच्या जागा ठरलेल्या होत्या. माजघरात लक्ष्मी. बैठकीत, छताला लागून, पुढे झुकवलेल्या चौकटींची एक रांग: भाताच्या गिरणीकडून आलेल्या कॅलेंडरातली सरस्वती, रामपंचायतन, आजोबांचा फोटो, आणि आईने 'दीपावली'च्या जुन्या अंकांवरून कापून काढलेली दीनानाथ दलालांची दोन मुखपृष्ठं. इतक्या उंचावर आणि इतकी पुढे का झुकवायची, तर माणसं खाली सतरंजीवर बसत. तिथून मान वर केली की चित्र समोर यायचं. शिवाय झुकलेल्या काचेवर धूळ बसत नाही आणि मागे हवा खेळती राहते. आणि मागे चिमणी राहते, हे विसरून चालणार नाही. रामपंचायतनाच्या मागे दर उन्हाळ्यात घरटं असे. काड्या आजोबांच्या फोटोवर पडत. आजी ते घरटं कधी काढू देत नसे, आणि दिवाळीआधी भिंती पोतायला चौकटी खाली आल्या की रामाच्या पाठीवरची वाळलेली शीट खरवडायचं काम माझ्याकडे.

बैठकीचं दार पश्चिमेला. संध्याकाळचं ऊन थेट आत यायचं आणि तासभर सरस्वतीवर बसायचं. पाच-सहा वर्षांत सरस्वतीच्या साडीचा गुलाबी काठ गेला, मग कमळ गेलं, मग ओठ. निळा आणि काळा तेवढा राहिला. वीणा निळी, मोर निळा, चेहरा निळसर. आजी एकदा दाराशी तांदूळ निवडत होती, वर बघून म्हणाली, "पाय वं, सरसोती निरी झाली." आमच्या झाडीबोलीत ळ नाही, त्याच्या जागी र येतो, काळा तो कारा, डोळा तो डोरा, निळी ती निरी. ती रामाकडे वळून हसली. राम आधीपासूनच निळा, त्याचं ऊन काय बिघडवणार?

याचं कारण मला फार पुढे कळलं. कॅलेंडरं चार शायांत छापतात, निळी, लाल, पिवळी, काळी. उन्हात लाल आणि पिवळी आधी उडतात, निळी आणि काळी चिवटपणे मागे राहतात. बाजारातल्या दुकानांच्या काचांमागचे देव, केशकर्तनालयातली काश्मीरची दृश्यं, दवाखान्यातली गुबगुबीत बाळं, सगळं आपल्याकडे हळूहळू निळं होत जातं ते यामुळे. उडालेला रंग परत येत नाही. अंधारात ठेवलं तर पुढचं उडणं थांबतं, झालेलं भरून निघत नाही. आज एक तास, उद्या एक तास, असा उन्हाचा हिशेब कागदाच्या खात्यात मांडला जातो आणि ते खातं कधी कोरं होत नाही.

मुंबईला एकदा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेले होते. लघुचित्रांच्या दालनात दिवे इतके मंद की मला वाटलं, वीज वाचवताहेत. मग समजलं की कागदावरच्या रंगांना ५० लक्सच्या आसपासच उजेड द्यायचा असा जगभरच्या संग्रहालयांचा पायंडा आहे. आमच्या अंगणात मे महिन्यात दुपारी लाखभर लक्स असतो. त्या दालनात डोळे सरावायला दोन मिनिटं गेली, आणि सरावले तेव्हा मला आमचं माजघर आठवलं. तिथे खिडकी नव्हती. कवेलूंच्या फटीतून एक कवडसा यायचा, तोही लक्ष्मीच्या भिंतीवर नाही, समोरच्या कणगीवर. बाकी उजेड म्हणजे सकाळ-संध्याकाळचं निरांजन. आजीला लक्स ठाऊक नव्हतं, तिला एवढंच ठाऊक होतं की लक्ष्मी घरात आत असते, दारात नसते. त्यामुळे बैठकीतल्या देवांचे रंग उडाले आणि माजघरातलीच्या साडीची लाली अजून टिकून आहे. अर्थात निरांजनाने आणि चुलीच्या धुराने आपला हात मारलाच. वरचं रोगण पिवळं पडत पडत काकवीसारखं झालं. लक्ष्मी आता संध्याकाळी उभी असल्यासारखी दिसते, मूळ चित्रात सकाळ असली तरी.

आता माझ्या हातून झालेलं सांगते.

आमच्याकडे आणखी एक चित्र होतं, आईचं लाडकं. हातात समई धरलेली, दुसऱ्या हाताचा आडोसा केलेली बाई. ते महाराष्ट्रात कितीतरी घरांत आहे, आणि निम्म्या घरांत ते रविवर्म्याचं म्हणून आहे. आमच्याकडेही तसंच होतं. ते चितारलं सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी, जलरंगात, रविवर्मा १९०६ साली गेल्यावर जवळपास चार दशकांनी. स्वतःच्या मुलीला दिवा घेऊन उभं केलं होतं. मूळ चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. आईने त्याचा छाप नागपूरला सीताबर्डीवर फुटपाथवरून घेतला, गुंडाळी करून एसटीत मांडीवर उभी धरून आणला, आणि काच लावून घेतला. कागद थेट काचेला टेकलेला. त्या वेळी सगळेच तसं करत.

ते चित्र मी, हौसेने, बैठकीतून माझ्या खोलीत नेलं. उन्हापासून वाचवायला म्हणून आतल्या भिंतीवर लावलं, आणि त्या भिंतीसमोर खिडकीत कूलर होता. विदर्भाबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल: आमचा कूलर म्हणजे तीन बाजूंना ओल्या ताट्या आणि मधे पंखा, कोरड्याठाक उन्हाळ्यात घरात आणलेला छोटा पावसाळा. दिवसभर त्या बाईच्या तोंडावर ओली हवा, रात्री कूलर बंद, पहाटेपर्यंत पुन्हा कोरडं. कागद रोज फुगला, रोज आक्रसला. असे चार उन्हाळे. एका पाडव्याला काच पुसताना बघितलं तर आतून ढगासारखे डाग, कागद काचेला जागोजाग चिकटलेला. शहाण्या माणसाने तिथेच हात आवरला असता. मी चौकट उघडली आणि एका कोपऱ्यातून कागद सोलायला लागले. चकचकीत कागदावर जो लेप असतो तो ओलीने पाघळतो आणि काचेला गोंदासारखा धरतो, हे मला कुठे माहीत! साडी सुटली, चेहरा सुटला, मला वाटलं जमलं. शेवटी एक हलकासा आवाज आला, साय फाटावी तसा. आडोसा केलेल्या हाताची बोटं, ज्योतीच्या उजेडाने आतून लाल दिसणारी ती बोटं, काचेवर राहिली. कागदावर त्या जागी पांढरा खड्डा.

आई काही बोलली नाही. तिने काच हातात घेऊन उजेडासमोर धरली. बोटं उलटी दिसत होती, तरी बोटंच दिसत होती. ती काच मी अजून टाकलेली नाही.

त्यानंतर मी वाचायला लागले, विचारायला लागले, आणि लक्ष्मीच्या चौकटीकडे संशयाने बघायला लागले. तिच्या काचेच्या खालच्या कडेला बारीक भुकटी साठलेली दिसत होती. कसर लागली असणार. शेवटी गावातल्या फ्रेमवाल्याकडे तिला घेऊन गेले. तो माझा विद्यार्थी, सातवीत माझ्या वर्गात होता, त्यामुळे दुकानात मी शिरले की तो अजूनही उठून उभा राहतो. मी त्याला म्हटलं, घाई नाही, सगळी गिऱ्हाइकं जाऊ दे.

दुपारी दोनला त्याने शटर अर्धं खाली घेतलं आणि चौकट पालथी केली. पकडीने एकेक चूक उपटली. गंजून त्यांची डोकी चण्याएवढी झाली होती. वरचा खाकी कागद हात लावताच भुगा झाला. खाली लाकडाच्या तीन पातळ फळ्या, आणि फळ्यांमधल्या फटींत काड्या, एक पीस, आणि कधीतरी मेलेल्या पालीचा कागदासारखा सांगाडा. फळ्या उचलल्या. लक्ष्मीची पाठ आम्ही दोघांनी पहिल्यांदाच बघितली. पाठीवर दोन तपकिरी पट्टे होते, उभे, फटींच्या बरोबर जागी, आणि बाकी भागात फिकट रेषा, लाकडाच्या नसांसारख्या. लाकडातून आम्ल पाझरतं, कागदात उतरतं आणि त्याला आतून भाजत राहतं. त्या फळ्यांनी आपला नकाशा तिच्या पाठीवर उमटवला होता. तोही एक छापच म्हणायचा, ऐंशी-नव्वद वर्षं चाललेला.

"बाई, खालची पांढरी पट्टी उडवून टाकू का? फोटो सुबक बसंल." त्याने हिरकणी बाजूला ठेवून पट्टी मोजायला घेतली होती. मी इतक्या जोरात "नको" म्हटलं की तो सातवीतल्यासारखा दचकला. मग मी त्याला भिंग दिलं आणि ती मुंगीएवढी अक्षरं वाचायला लावली. लोणावळा वाचून त्याने विचारलं, चिक्की मिळते तेच का? तेच, म्हटलं. मग भिंग लक्ष्मीच्या गालावर ठेवलं. गालावर ठिपके होते, पण शिस्तीतले नाहीत, कुणीतरी बसून हाताने मारलेले, कुठे दाट, कुठे विरळ. शेजारी त्याच्या दुकानातलं नवं लक्ष्मीचं चित्र होतं, तिच्या गालावर भिंग ठेवलं तर ठिपक्यांच्या ओळी, बारक्या फुलांची नक्षी असावी तशा, एकीसारखी दुसरी. जुना छाप खरा की नवी नक्कल, हे ओळखायला एवढं भिंग पुरतं. तो बराच वेळ गालावरून गालावर भिंग फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "बाई, हे तं हातचं काम आहे."

आता टिकल्या. आजीने लक्ष्मीला नटवली होती. त्या काळी बायका रविवर्म्याच्या चित्रांवर जरी, मणी, कापडाचे तुकडे चिकटवत. मुंबई-पुण्याच्या संग्रहांतसुद्धा अशा सजवलेल्या लक्ष्म्या आहेत. आमच्या आजीने तिच्या शालूच्या जरीचा बोटभर तुकडा काठावर लावला होता आणि दागिन्यांच्या जागी अकरा चंदेरी टिकल्या. डिंक धावड्याचा, जंगलातून आणलेला. संग्राहकाला विचाराल तर तो म्हणेल, चित्राची किंमत गेली. डिंक वाळताना आक्रसतो, भोवतीचा कागद ओढतो, बारीक चिरा पडतात, आणि कसरीला डिंक पुरणपोळीसारखा लागतो. कसर लागली होती ती बरोबर टिकल्यांच्या भोवतीच. फ्रेमवाला म्हणाला, काढून टाकू, साफ करून देतो.

मी टिकल्या राहू दिल्या. चित्र रविवर्म्याचं असेल, लक्ष्मी आजीची होती. आणि त्याहून व्यवहाराचं एक कारण होतं, जे मला त्या वस्तुसंग्रहालयात उभं असताना सुचलं. माजघरात निरांजनाच्या उजेडात चित्र दिसत नसेच. काकवीच्या रंगाचा एक चौकोन दिसे, आणि त्यात अकरा ठिणग्या. ज्योत हलली की त्या हलत. लहानपणी माझी लक्ष्मी तेवढीच होती, चेहरा मी कितीतरी मोठी झाल्यावर नीट बघितला. अंधारात ठेवायची आणि तरी दिसायला हवी, हा जो पेच संग्रहालयवाले दिव्यांची मापं काढून सोडवतात, तो आजीने एक आण्याच्या टिकल्यांनी सोडवला होता. कागदाचं नुकसान करून सोडवला, हेही खरं. मला त्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य आहेत.

तर नवी चौकट अशी झाली. मागे फळी नाही. आम्ल नसलेला पुठ्ठा, तो नागपूरहून मागवला. समोर काच आणि कागद यांच्यामधे माउंटची पट्टी, म्हणजे पुन्हा बोटं काचेवर जायला नकोत. लक्ष्मी पुठ्ठ्याला सगळीकडून डकवलेली नाही, वरच्या दोन कोपऱ्यांना हातकागदाच्या बिजागऱ्यांवर टांगलेली आहे. पावसात फुगावं वाटलं तर फुगायला तिला जागा आहे. त्या बिजागऱ्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावल्या. चौकटीच्या पाठीमागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे दोन तुकडे, भिंत आणि चौकट यांच्यात वारा खेळावा म्हणून. पुढे झुकवलेली मात्र आजीच्या पद्धतीनेच. चिमण्या आता येत नाहीत.

ती पेटीत असते तेव्हा माजघरातल्या भिंतीवर एक चौकोन उघडा पडतो, बाकी भिंतीपेक्षा उजळ. आईला तो बघवत नाही. पहिल्या वर्षी तिने त्या खिळ्याला 'कालनिर्णय' अडकवलं, आणि आता दर चातुर्मासात ते तिथेच असतं. त्याच महिन्यात आषाढी अमावास्येला आमच्याकडे जिवती येते. पातळसा कागद, भडक रंग: वर नरसिंह, कालियावर नाचणारा कृष्ण, मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, खाली हत्तीवरचा बुध आणि वाघावर बसलेला बृहस्पती. वाघ पाहून आई दरवर्षी म्हणते, हा आपल्याच रेंजचा दिसतो. ती जिवती दाराच्या फळीवर खळीने डकवायची, हळद-कुंकू वाहायचं, आणि विसरायची. पाऊस तिच्यावर उडतो, रंग पाघळतो, दिवाळीपर्यंत वाघाचे पट्टे गळून गेलेले असतात. पुढच्या वर्षी तिच्याच उरावर नवी. आमच्या दाराच्या त्या जागी कागदाचा थर आता बोटाच्या पेराएवढा जाड झाला आहे. फ्रेमवाला एकदा म्हणाला, बाई, एखादी चांगली जिवती काच लावून देऊ का? मी म्हटलं, तिला काचेचं काय करायचं? ती उन्हापावसातच बरी.

नाटकांच्या पोस्टरांचंही असंच. दिवाळीनंतर नदीपलीकडच्या देसाईगंज-वडशाहून झाडीपट्टीच्या कंपन्यांची पोस्टरं निघतात, मंडईला, शंकरपटाला रात्र रात्र नाटकं चालतात, आणि गावातली एक भिंत कोरी राहत नाही. खळ ताजी असते तोवर शेळ्या त्यातली नायिका खाऊन टाकतात. भाच्याने एक न डकवलेलं पोस्टर पैदा करून खोलीत लावलं आहे, थेट कूलरसमोर. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगणार नाही.

गेल्या वर्षी वसुबारसेला पेटी उघडली. चातुर्मास संपायला अजून कार्तिकी एकादशी यायची असते, पण लक्ष्मीपूजनाला लक्ष्मी पेटीत ठेवायची हे मलाही जमत नाही, तेवढी तडजोड आम्ही मायलेकींनी पहिल्याच वर्षी करून टाकली. लुगडं उलगडलं. काचेमागे, माउंटच्या कडेला, काहीतरी चमकलं. एक टिकली गळून पडली होती. गळ्यातली, मधली.

आईला मोतीबिंदू आहे. चित्रातलं तिला काहीच दिसत नाही, तरी तिने विचारलं, "काय झालं?" सांगितलं.

"मग लाव."

मी तिला समजावलं की डिंक नको, बाजारचा गोंद तर नकोच. लावायचंच तर असं काही हवं, जे उद्या कुणाला पाण्याच्या बोटाने सोडवता येईल, कागद न फाडता. अशी खळ गव्हाच्या निवळ सत्त्वाची असते. गहू भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, पाणी निवळू द्यायचं, तळाला बसतो तो...

"चीक," आई म्हणाली. "कुरोड्यांचा चीक. इतके दिवस खळ खळ काय करून राहिली? आज गहू भिजत घाल. लक्ष्मीपूजनापर्यंत निघते."

मूठभर गहू मी त्याच दिवशी भिजत घातले. रोज पाणी बदललं. तिसऱ्या दिवशी पाट्यावर वाटले, फडक्यातून गाळले. आईने मीठ घालायला हात पुढे केला, तो धरावा लागला. वाटीच्या तळाशी बसलेला चीक चमच्यात घेऊन मंद आचेवर शिजवला, तो काचेसारखा पारदर्शक झाला तेव्हा उतरवला. चौकट उघडली. टिकली बोटाच्या टोकावर घेतली, सुईच्या डोक्याएवढा चीक लावला आणि जुन्या डिंकाचा पिवळा गोल दिसत होता त्याच्यावर टेकवली. वर हातकागदाचा कपटा ठेवून गुळगुळीत गोट्याने दाबून धरली. चांगला अर्धा तास.

संध्याकाळी लक्ष्मी तिच्या खिळ्यावर गेली, 'कालनिर्णय' परत स्वयंपाकघरात गेलं. निरांजन मी हातभर दूर, खाली पाटावर ठेवलं, काजळी वर जाऊ नये म्हणून. माजघरातला ट्यूबलाइट बंद केला. बाहेर फटाके वाजत होते. आईने खुर्ची पुढे ओढून घेतली, डोळे बारीक केले आणि ओठांतल्या ओठांत मोजायला लागली. सहा-सातपर्यंत आली, अडली, परत पहिल्यापासून सुरुवात केली.

"दिवा जरा डावीकडे घे," ती म्हणाली.